सुपडू नानांची जोडी

"एकला नको जाजो रे भाऊ, संगे कोनीतरी ऱ्हाऊ दे," लहानपणी शेताच्या वाटेवर आई मागून ओरडून सांगायची. राजदीप ट्रकवर आला तरी ती हाक त्याच्या कानातून गेली नव्हती.

जळगावहून केळी भरून दिल्लीला जाणाऱ्या गाडीवर तो सुपडू नानांच्या हाताखाली शिकला. नाना चालवत तेव्हा तो झोपे, तो चालवे तेव्हा नाना झोपत. जेवण एकाच डब्यातलं, पांघरूणही एकच.

शिकणं संपलं तसं मालकानं राजदीपला विचारलं, "काय सोनवणे, आता एकटा गाडी नेशील की जोडीनं?"

"जोडीनंच शेठ. नानांसोबत."

नाना घाईनं म्हणाले, "एकट्यालाच द्या शेठ. पोराचा हात बसला. माझ्यापेक्षा भारी चालवतो."

"पार्टी दे रे, उस्ताद हारला!" बाकीचे ड्रायव्हर हसले.

राजदीप मात्र नानांच्या मागोमाग गाडीपर्यंत गेला. "नाना, घाटात मला अजून भीती वाटते. तुम्ही शेजारी हवेत. माझं काही चुकलं का?"

नाना बराच वेळ पुसलेलीच काच पुसत राहिले.



"तुझं काहीच चुकलं नाही रे. आडनावावरून मी तुला आमच्यातलाच समजत होतो. परवा तुझ्या घरी आलो, तुझ्या आईनं मायेनं वाढलं, अन् समोर भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो दिसला. तेव्हापासून तुझ्या डब्यातला घास माझ्या गळ्याखाली उतरत नाही."