उरलेली ढेप

कुऱ्हाड धुऱ्याच्या बांधावर टेकवून बापूराव तसाच उभा राहिला. बाग फुलली होती.

संत्र्याची चौदा झाडं. बाहत्तरच्या दुष्काळात चंपत आणि प्रयागबाई, दोघा नवरा-बायकोनं डोक्यावर घागरी वाहून जगवलेली. कार्तिकात चंपत गेला. धाकटा दीर बापूराव तेरवीलाच बोलून बसला, "वयनी, माघात फुलली तं ठेवू. नाई तं तोडून कपाशीची पऱ्हाटी लावू." तिनं नुसती मान हलवली. त्यानंतर झाडांना तिनं ओंजळभर खत घातलं नाही. पौषात बहारासाठी पाणी तोडून ताण दिला, माघात पाणी सोडलं. तेही हाताला सवय म्हणून. घरात बोलायला एक म्हैस. तिच्याशी तरी माणूस किती बोलणार!

"काय टाकलं वो वयनी झाडायले?"

"काई नाई टाकलं."

"बिना खताची अशी फुलते का बाग? मले का येडा समजता?"

ती पुढं चालत राहिली. अकरा झाडं पांढरीशुभ्र, माश्यांनी गुणगुणणारी. विहिरीकडची तीन मात्र पिवळी, मुकी. एक कळी नाही. प्रयागबाई तिथंच थबकली.

कार्तिकात फळं उतरली त्या आठवड्यात चंपतनं शेलूबाजारहून सरकीच्या ढेपेचं, पेंडीचं पोतं आणलं होतं. म्हशीच्या नावानं. आणि अंगात ताप असताना झाडांच्या आळ्यांत ओतत सुटला. अकरावं झाड झालं तसं तिनं पोतं हिसकावलं. "फूल ना फळ, आता कायले? म्हशीच्या तोंडचा घास झाडाले चारून राह्यले!" पाठीमागून तो काहीतरी बोलला. ते कानाआड करून ती पोतं घेऊन तरातरा घरी आली. पाच दिवस अबोला धरला. सहाव्या दिवशी अबोला सोडायला समोर कोणी नव्हतं.

"हे तीन तं गेले," बापूरावनं कुऱ्हाड उचलली. "तोडू?"

"हात नोको लावू."

ती गोठ्यात गेली. टोपलंभर ढेप घेऊन आली. म्हैस मागून हंबरत राहिली. पहिल्या मुक्या झाडाच्या आळ्यात बसून ती ढेप हातानं कुस्करू लागली. बोटं मातीत, माती बोटांत.

बापूराव हसला. "वयनी, बहार निंघून गेला. फूल तं येनार नाई याले. आता कायले?"

तिचा हात थांबला. हाच सवाल तिचा होता. तीन महिने पाठीमागं राहिलेलं उत्तर आता कुठं तिच्यापर्यंत पोचलं.

"आताचं नसते ते, बापू," ती म्हणाली. "झाड पोटात ठेवते. पुढल्या फुलासाठी."

"तुमाले कोनं सांगतलं?"

प्रयागबाईनं अकरा झाडांकडं पाहिलं.

"त्यायनंच सांगतलं व्हतं. मी आज आयकलं."