चौथा तास

अझीमभाईंनी दुसरं संत्रं सोलायला घेतलं तशी त्यांची बायको कमरजहां उशीवरून थोडी वर सरकली. तिचा डावा हात नळ्यांत अडकलेला होता. तिने उजवा पुढे केला.

किडनी गेलेल्या माणसाला घरी सगळंच बंद असतं. संत्रं, केळं, टोमॅटो, पोटभर पाणीसुद्धा. पण डायलिसिसचं मशीन सुरू झाल्यावर पहिल्या तासात थोडं खाल्लेलं चालतं, उरलेल्या तीन तासांत मशीन ते रक्तातून काढून टाकतं, असं या हॉलमध्ये सगळेच मानत. कसबा पेठेतल्या त्या लहान हॉस्पिटलात सकाळच्या पाळीला डबे उघडत आणि आज नाही तर कधीच नाही अशा घाईने एकाचा घास दुसऱ्याकडे जाई.

"नागपूरचं म्हणून दिलं का हो फळवाल्याने?" शेजारच्या पलंगावरून इंदुबाईंनी विचारलं. त्या मूळच्या वर्ध्याच्या. "दिलं असेल. पुण्यात आंबटालाच नागपूरचं म्हणतात."

कमरजहां हसली. संत्रं संपवून तिने डोळे मिटले आणि तिला डुलकी लागली.

साली पिशवीत भरताना अझीमभाईंचं लक्ष मशीनच्या पडद्याकडे गेलं. उरलेला वेळ तिथे दिसत असे. आज तो फारच कमी दिसत होता. मशीन बिघडलं असेल म्हणून त्यांनी टेक्निशियन रियाजला खूण केली. रियाजने पडद्याकडे पाहिलंही नाही. त्यांना खांबाजवळ नेऊन तो हळू आवाजात म्हणाला, की मशीन ठीक आहे. सरकारी योजनेच्या पेशंटना आजपासून तीनच तास. योजनेने हॉस्पिटलला द्यायचे दर उतरवले, म्हणून डॉक्टरांनी दिवसाला आणखी एक पाळी बसवली आहे. एकेकाला गाठून ते स्वतः सांगणार होते.

"अरे, मग आधी बोलायचं ना. ती दोन संत्री खाऊन बसली आहे."

अझीमभाई थेट डॉक्टरांच्या खोलीकडे गेले. डॉक्टर बाहेर गेले होते, म्हणून दाराशी जवळजवळ दोन तास थांबावं लागलं.

डॉक्टर अनिरुद्धांनी त्यांना बसायला सांगितलं आणि काही लपवलं नाही. नव्या दरात फिल्टर, पाणी आणि सिस्टरचा पगार निघत नाही. कात्रजच्या सेंटरने गेल्या महिन्यात योजनाच सोडली आणि तिथले म्हातारे पेशंट आता इथे येतात. "त्यांनी योजनेचा बोर्डच उतरवला," डॉक्टर म्हणाले. "मी फक्त एक तास उतरवला."

अझीमभाई म्हणाले, त्या एका तासाचे पैसे मी भरतो. डॉक्टरांनी मान हलवली. योजनेच्या पेशंटकडून वर पैसे घेतले तर इथलीही योजना काढून घेतील, मग तीन तासही नाहीत. शिवाय तास द्यायचा कुठून? त्या पलंगावर पुढचा माणूस येणार.

"आणि ती संत्री?"

डॉक्टरांनी किती वाजता खाल्ली ते विचारलं. मग म्हणाले, बहुतेक काही होणार नाही. निघताना रक्त तपासून घेऊ. पण हातापायांतला जोर गेला किंवा छातीत धडधडलं, तर वाट बघू नका, मोठ्या हॉस्पिटलात न्या.

"तिथे योजना चालते?"

डॉक्टरांनी रक्ततपासणीची चिठ्ठी लिहून पुढे सरकवली.

"पुढच्या वेळेपासून बाहेरचं काही देऊ नका त्यांना," ते म्हणाले. "इथेही नको."

अझीमभाई हॉलमध्ये परतले तेव्हा कमरजहांच्या पायथ्याशी एक म्हातारा उभा होता. काठी, खांद्याला पिशवी, पाय सुजून चपलांबाहेर आलेले. त्याने नमस्कार केला. महिपती असं त्याने नाव सांगितलं. तो कात्रजहून दोन बस बदलून आला होता आणि याच पलंगावर जायला त्याला सांगितलं होतं.

"ताईंचं व्हायचंय का अजून?" त्याने विचारलं. "असलं तर थांबतो मी. घाई नाही."

त्याला धाप लागली होती. अझीमभाईंनी त्याच्या पायांकडे पाहिलं, मग बायकोच्या तोंडाकडे. हो, अजून व्हायचंय, एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात मशीन वाजलं.

"नाही," ते म्हणाले. "झालं."

त्यांनी आपलं स्टूल त्याच्याकडे सरकवलं. रियाजने तपासणीसाठी रक्त घेतलं, सुया काढल्या, पट्टी दाबून धरली. या हालचालीने कमरजहां पुरती जागी झाली. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि तिचा चेहरा खुलला.

"इंदुबाई, पाहिलंत? मला आज लवकर सोडलं. सुधारणा आहे म्हणायची."

इंदुबाईंचा पलंग खांबाला लागूनच होता. रियाज काय बोलला ते त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी तोंड उघडलं, अझीमभाईंकडे एकदा पाहिलं.

"हो ताई," त्या म्हणाल्या. "दिसतंयच."

कमरजहांने स्वतःच डोक्यावरून ओढणी घेतली. दर वेळी ती जिन्याच्या तोंडाशी थांबून नवऱ्याचा हात मागायची. आज थांबली नाही. कठड्याला धरून ती एकटी उतरू लागली, आणि अझीमभाई तिच्यापुढे होऊन, तोंड तिच्याकडे करून, दोन्ही हात पसरून एकेक पायरी उलटे उतरत राहिले.