पत्ता टिकेना

पुन्हा तेच! स्क्रीनवर 'होस्ट अनरीचेबल', म्हणजे मशीन सापडतच नाही. तिने एंटरवर असं बोट आपटलं की कपातला चहा टेबलावर सांडला.

"अगं, मोडशील तो लॅपटॉप," बाबा दारातून ओरडले. "सोड आता. ते येतीलच एवढ्यात."

ते म्हणजे गिऱ्हाईक. लाकडावर अक्षरं कोरणारं मशीन आज विकलं जाणार होतं. भाऊ परदेशी नोकरीला गेला, जाताना मशीनचा कॉम्प्युटरही घेऊन गेला, आणि बाबांनी जाहीर करून टाकलं, की आता ते चालवणारं घरात कोणी नाही. तेव्हा ती समोरच उभी होती. आज सकाळी ती हट्टालाच पेटली. माझ्या लॅपटॉपवरून चालवून दाखवलं तर विकायचं नाही! "बघ बाई, काय करायचं ते कर," बाबा म्हणाले. तिने तो होकार धरला.

लॅपटॉप जुना, लिनक्सवाला. तिथून मशीनपर्यंत एकच केबल. मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता ठरलेला, त्याच्या पाठीवर चिकटवलेला. लॅपटॉपला त्याच्या शेजारचा पत्ता दिला, की दोघं एकमेकांशी बोलणार, एवढंच तर होतं. तिने दिला. मशीनने उत्तरही दिलं, आणि मिनिटाभरात सगळं ठप्प. तिने केबल बदलली, पुन्हा पत्ता दिला. पुन्हा ठप्प.

"भावाला फोन लाव," बाबा म्हणाले. "त्याने चुटकीसरशी केलं असतं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मेले तरी नाही लावणार!"

रागारागात ती स्क्रीनकडे डोळे वटारून बसली. पत्ता दिला. आहे. आहे. गेला! अस्सं. म्हणजे लॅपटॉपच तो पुसत होता. त्याची सेटिंग 'ऑटोमॅटिक'वर होती. कुठल्या तरी राउटरने पत्ता द्यावा म्हणून तो ताटकळायचा, आणि इथे राउटर होताच कुठे? मग तिने दिलेलाही फेकून द्यायचा.

"मेल्या, मी देतेय तो घे ना!" ती खेकसली. सेटिंग 'मॅन्युअल' केली, पत्ता तिथे लिहिला आणि कनेक्शन पुन्हा सुरू केलं.

मशीन उत्तर देऊ लागलं, आणि देतच राहिलं. तिने फळी लावून फाइल पाठवली. गरगरतं पातं खाली आलं, भुसा उडाला, पहिलं अक्षर उमटलं.

"बाबा! चालू झालं!"

बाबा आले, पण मागोमाग गिऱ्हाईकही आलं. बाबांचा चेहरा उजळला. "बघा! म्हटलं होतं ना, एकदम चालू आहे. आजच उचला."

ती ताडकन उठली.

"मशीन झकास आहे हो," गिऱ्हाईक म्हणालं, "पण आम्हाला यातलं ओ की ठो कळत नाही. शिकवणार कोण?"

"त्याची काळजीच सोडा. आमची लेक येईल की तुमच्याकडे. तिला सगळं येतं."

"येतं ना मला, बाबा?" ती म्हणाली. तिने लॅपटॉपची केबल उपसून काढली.

पातं अक्षराच्या मध्यावर अडकलं आणि जागच्या जागी गरगरत राहिलं. लाकूड जळल्याचा वास सुटला.

"अगं, बंद कर!" बाबा मशीनभोवती धावत होते. "बटण कुठंय याचं?"

ती शांतपणे केबल गुंडाळत होती.