जुन्या तळ्याचं नवं बीज

आईबापांची आठवण घेऊन जन्मणारं मत्स्यबीज मृणालने सकाळीच शेततळ्यात सोडलं. याच तळ्यातल्या जुन्या माशांची ती पिल्लं. खाद्य कुठे पडतं, हे त्यांना शिकवावं लागलं नाही.

तिची तीन वर्षांची लेक ओवी पैंजण वाजवत काठाने निघाली. तशी सगळी पिल्लं खाद्य सोडून खोल कोपऱ्यात गेली आणि एकाच जागेभोवती फिरू लागली.

“आधीच्या मालकांची नात अशीच पैंजण वाजवत यायची,” राखणदार भिवातात्या म्हणाले. “मग हरवली.”

“तळं उपसलं नाही?”

“मासे मरतील म्हणून मालक नको म्हणाले.”

मृणालने ओवीला उचलून घेतलं. “तात्या, पंप लावा.”

“ताई, बीज आजच सोडलंय.”

“माहितीये. लावा.”

पाणी गुडघाभर उरलं, तरी पिल्लं तिथून हलली नाहीत.