सेनापतीच्या जागी

"तुम्ही म्हणाल तसं," सेनापतीने लिहिलं आणि हेमांगीला पुन्हा संशय आला. त्या ऑनलाइन खेळात चित्रं नव्हती. प्रत्येकाने आपापल्या पात्राचं बोलणं, लढणं लिहायचं. सेनापती व्हायचे ते नागपूरचे देशकर. भेट कधी झाली नव्हती, पण माणूस भांडखोर, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा शत्रू. हा सेनापती अचूक लिहीत होता, वर सगळ्यांना हो म्हणत होता.

खातं नक्की चोरीला गेलंय. तिने खासगीत विचारलं, "खरं सांगा, तुम्ही कोण? नाहीतर सगळ्यांना कळवते."

उत्तर आलं. "मी त्यांची बायको. त्यांना अर्धांगवायू झालाय. एरवी तोंडातून शब्द फुटत नाही. तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं, की मात्र 'हो' म्हणतात. तेवढंच. बाकीचं मी रचते. बंद करू का?"

हेमांगी खेळात परतली. "सेनापती, शत्रू दाराशी आलाय. आपण शरण जाऊया?"

थोड्या वेळाने सेनापतीचं उत्तर उमटलं, "नाही."

पाठोपाठ खासगीत आलं, "हे त्यांचं आहे, ताई. ओरडून म्हणाले."