मुठीतला फुगा

"सुवार्ताताई, आता हलायचं नाही. अगदीच घाबरलात तर हा दाबा." तंत्रज्ञ मुलीनं रबरी फुगा माझ्या मुठीत दिला आणि मला एमआरआयच्या बोगद्यात सरकवलं.

मागच्या वेळी मी तो दाबून बाहेर पळाले होते. डोक्यातली गाठ नीट दिसल्याशिवाय डॉक्टर ऑपरेशन करणार नाहीत. आमच्या चर्चचे पाळक म्हणाले, "विश्वास असेल तर मशीन कशाला?" मी म्हटलं, "मग तुम्ही चष्मा कशाला लावता?"

तोंड चालवणं सोपं. आत हातोडे पडल्यासारखा आवाज सुरू झाला आणि माझी दातखीळ बसली. देवा, कुठे मेलास? मूठ आवळायला लागली.

आवाज थांबला. कानावरच्या हेडफोनमधून हाक आली, "सुवार्ताताई, आहात ना?"

शेजारच्या बेने इस्रायली रिबेकामावशींनी हिब्रू शिकवताना सांगितलं होतं: देवानं हाक मारली तेव्हा मोशे 'हिन्नेनी' म्हणाला, म्हणजे 'हा मी इथे', आणि त्यानं लगेच भीतीनं तोंड झाकून घेतलं.

"हिन्नेनी," मी म्हणाले.

"काय?"

"आहे गं बाई. चालू कर."

हातोडे पुन्हा पडू लागले. भीती काही गेली नाही. मूठ मी उघडी ठेवली.