हळदी कोट

नेदरलँड्समधल्या झूटरमेरच्या मराठी मंडळींची जॅकेटं सगळी काळी, एकाच सेलमधली. कुणाकडे जेवायला जमलं की बेडरूममध्ये त्यांचा ढीग पडायचा आणि निघताना एकाचं दुसऱ्याच्या अंगात जायचं. या मेंढरांत आपण नाही, असं ठरवून सारंगने हळदी रंगाचा लांब कोट शिवून घेतला. "माणसाची स्वतःची स्टाइल हवी," तो बायकोला, हिमानीला म्हणाला. "नुसता कोट दिसला तरी कळलं पाहिजे, हा आपला नवरा."

संक्रांतीच्या जेवणानंतर यजमानांच्या दारात सारंगच्या निरोपाच्या गप्पा लांबल्या. तेवढ्यात मित्र धवल त्याचा हळदी कोट अंगावर टाकून सिगारेट ओढायला बाहेर गेला. गाडीत ताटकळलेल्या हिमानीने कोट पाहिला, "बस आता," म्हणाली, आणि धवल मुकाट बसला. त्या आवाजापुढे सारंगचंही कधी काही चाललं नव्हतं.

गाडी निघून गेलेली, म्हणून धवलचं काळं जॅकेट घालून, धवलच्याच सायकलवरून सारंग घरी पोचला. बेल वाजवली. त्याच्या मुलीने, संहिताने, दार किलकिलं करून त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"सॉरी अंकल, बाबा इज स्लीपिंग," म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.